इलेक्ट्रिक गाडी आवाक्यात आणायची तर आधी बॅटरीचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडी महाग पडते ती बॅटरीमुळे. मोटर, कंट्रोलर आणि एका टप्प्याचा गिअरबॉक्स मिळून जेवढे सुटे भाग होतात, त्याच्या कितीतरी पट भाग एका पेट्रोल इंजिनात असतात. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा, एकट्या बॅटरी पॅकचा असतो. २०१० ते २०२४ या काळात लिथियम-आयन पॅकचा भाव जवळजवळ ९० टक्क्यांनी उतरला. तरीही गाडी परवडत नाही, कारण बहुतेक जण गरजेच्या दुप्पट-तिप्पट बॅटरी विकत घेतात आणि ती आयुष्यभर ओढत फिरतात. म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी घरी बसून एक हिशेब करावा लागतो.

आपल्याला नेमकी किती बॅटरी लागते

एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. लहान चारचाकी १०० किलोमीटरला साधारण १२ ते १५ युनिट खाते, मध्यम १५ ते २०. स्कूटर अडीच ते चार युनिटांत तेवढंच अंतर काढते.

समजा, रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर आणि गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाणारी. म्हणजे रोजची गरज साडेसात युनिट. कडाक्याची थंडी, हीटर किंवा एसी यांच्यासाठी त्यात ३० टक्के वाढवा, पावणेदहा झाले. बॅटरी रोज २० ते ८० टक्क्यांच्या मधेच वापरायची म्हटलं तर हे पावणेदहा युनिट म्हणजे पूर्ण क्षमतेचे फक्त ६० टक्के. ९.७५ भागिले ०.६, सव्वासोळा. आणि आठ-दहा वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरी काम अडू नये म्हणून पुन्हा ०.८ ने भागा. उत्तर येतं सुमारे २० किलोवॅट-तास.

थंडी, म्हातारपण आणि राखीव चार्ज हे सगळं धरूनसुद्धा ५० किलोमीटरला २० पुरतात. ६० किलोवॅट-तासाची गाडी घेतली तर वरचे ४० कधीमधीच्या लांबच्या प्रवासासाठी झाले. ते विकत घ्यायला पैसे जातात, वर रोज अडीचशे किलोच्या आसपास जास्तीचं वजन वाहावं लागतं. वर्षातून चार-पाच वेळाच लांब जाणं होत असेल, तर तेवढ्यापुरती दुसरी गाडी भाड्याने घेणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. छोट्या बॅटरीवर गाडी चालते का, ही शंका असेल तर चीनमधली वुलिंग होंगग्वांग मिनी पाहा. २०२० मध्ये ती साधारण ९ आणि १४ किलोवॅट-तासाच्या बॅटरीसह आली, सुरुवातीला फास्ट चार्जिंगही नव्हतं, तरी तिथली सर्वाधिक खपणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक ठरली.

कंपनीने छापलेल्या रेंजवर हा हिशेब करू नका. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी सर्वांत उदार, डब्ल्यूएलटीपी त्यापेक्षा खरी, अमेरिकेची ईपीए त्याहून कडक. हायवेवर डब्ल्यूएलटीपीच्या आकड्याचे ७० ते ७५ टक्के धरून चाला. वेगाने फार फरक पडतो: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९० ऐवजी १२० च्या वेगाने गेलं तर हवा कापायलाच दर किलोमीटरला पावणेदोन पटींहून जास्त ऊर्जा लागते.

जास्तीचे पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात

हा हिशेब चलनात न करता लिटरमध्ये केला की डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतो. तशाच आकाराची पेट्रोल गाडी १०० किलोमीटरला ६ लिटर पिते असं धरू. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतून १६ युनिट घेते, पण चार्ज करताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणजे मीटरवर १८ पडतात. १८ ला ६ ने भागलं की नियम मिळतो: एका लिटरची बरोबरी तीन युनिटांशी. लिटरच्या भावात तीनपेक्षा जितकी जास्त युनिटं येतील, तितकी बचत.

आता दोन गाड्यांच्या किमतीतला फरक घ्या. त्यात घरच्या चार्जिंगच्या जोडणीचा खर्च मिळवा, सरकारी सवलत असेल तर वजा करा आणि उरलेल्या रकमेत किती लिटर पेट्रोल येतं ते काढा. समजा, २,००० लिटर आलं. घरच्या विजेचा दर लिटरच्या दहाव्या हिश्शाइतका असेल, तर १८ युनिटांची किंमत १.८ लिटर, म्हणजे दर १०० किलोमीटरला ४.२ लिटर वाचतात. २,००० भागिले ४.२, गुणिले १००: सुमारे ४७,६०० किलोमीटर. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे चार वर्षांत वसूल. लहान बॅटरीची गाडी निवडून तोच फरक १,२०० लिटरवर आणला, तर २८,६०० किलोमीटर, म्हणजे अडीच वर्षांच्या आत.

याच हिशेबात घरचं चार्जिंग काढून सार्वजनिक फास्ट चार्जर घाला. तिथला युनिटचा दर लिटरच्या चौथ्या हिश्शाइतका असला, तर १८ युनिटांचे साडेचार लिटर होतात, बचत उरते दीड लिटर आणि तेच २,००० लिटर वसूल व्हायला १,३३,००० किलोमीटर लागतात. घरी किंवा कामाच्या ठिकाणी प्लग लावायची सोय नसलेल्या माणसाने इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी ही सोय मिळवावी. ती होत नसेल तर थांबलेलं बरं, कोणी कितीही आग्रह केला तरी.

एलएफपी की एनएमसी

बाजारात मुख्यतः दोन जातीच्या बॅटऱ्या आहेत. एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं. तिचं वजन कमी, रेंज जास्त, किंमतही जास्त. एलएफपी म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट. यात निकेल-कोबाल्ट नाही म्हणून ती स्वस्त, तेवढ्याच क्षमतेला थोडी जड, पण चार्जची आवर्तनं जास्त सोसते आणि सहजासहजी पेट घेत नाही. खिशाला जपून घ्यायची गाडी असेल तर एलएफपी घ्यावी, असं आम्ही ठामपणे सांगू.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. एलएफपी सेलचा व्होल्टेज ३.२ च्या आसपास मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती टक्के चार्ज उरला याचा अंदाज गाडीच्या बीएमएसला (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या संगणकाला) नीट येत नाही. आठवड्यातून एकदा १०० टक्के भरली नाही तर काटा भरकटतो आणि १५ टक्के दाखवत असताना गाडी अचानक बंद पडू शकते. दुसरं, शून्य अंशाखाली चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वर धातूच्या थराने साचतं आणि क्षमता कायमची जाते. हा धोका एनएमसीलाही आहे. बीएमएस अशा वेळी चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. म्हणून बर्फाच्या प्रदेशात पॅक गरम करणारा हीटर असलेलीच गाडी घ्या.

जुनी गाडी: खरी बचत इथे आहे

पहिल्या तीन-चार वर्षांत इलेक्ट्रिक गाडीची किंमत पेट्रोल गाडीपेक्षा वेगाने उतरते. बॅटरी मात्र तेवढ्या वेगाने उतरत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत क्षमता जरा पटकन खाली येते, मग वर्षानुवर्षं संथपणे. किमतीची घसरण आणि बॅटरीची घसरण यांतली ही तफावत दुसऱ्या मालकाच्या पदरात पडते. अट एकच, बॅटरी स्वतः तपासून घ्यायची. विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा डॅशबोर्डवरच्या रेंजवर विसंबायचं नाही. रेंजचा आकडा आधीच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून निघतो. शहरात हळू चालवून तो सहज फुगवता येतो.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ डोंगल आणि त्या गाडीला चालणारं ॲप घ्या. निसानच्या लीफसाठी लीफस्पाय प्रसिद्ध आहे, इतर गाड्यांसाठीही अशी ॲप्स मिळतात. त्यात एसओएच, म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, टक्क्यांत दिसते. पाच वर्षांच्या गाडीला ९० च्या आसपास असेल तर समाधानाने पुढे जा, ८० च्या खाली असेल तर कारण शोधा. लीफच्या डॅशबोर्डवर १२ रेघा असतात. पहिली रेघ साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावरच विझते, पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांना. त्यामुळे बाराच्या बारा रेघा दिसल्या तरी बॅटरी ८६ टक्क्यांवर असू शकते. शिवाय या गाडीच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या पॅकला पाण्याने थंड करण्याची सोय नाही. उष्ण प्रदेशात वापरलेली असेल तर एसओएच बघितल्याशिवाय किमतीचं बोलूच नका.

एसओएच हा शेवटी संगणकाचा अंदाज. काही गाड्यांत तो रीसेट करून चांगला दाखवता येतो. म्हणून प्रत्यक्ष चाचणी घ्या, ती अर्ध्या दिवसात होते. गाडी १०० टक्के भरून ट्रिप मीटर शून्यावर आणा. एका दमात २० टक्क्यांपर्यंत चालवा आणि किती युनिट खर्च झाली ते वाचा. गाडी फक्त सरासरी दाखवत असेल तर सरासरीला अंतराने गुणा. ८० टक्क्यांत २४ युनिट गेली, तर पूर्ण क्षमता २४ भागिले ०.८, म्हणजे ३०. नवीन असताना वापरण्याजोगी क्षमता ३६ होती, तर बॅटरी ८३ टक्क्यांवर आहे. तुलना वापरण्याजोग्या क्षमतेशीच करा. माहितीपत्रकावरचा मोठा आकडा एकूण क्षमतेचा असतो, त्याच्याशी ताडलं तर चांगली बॅटरीही खराब ठरते.

याच फेरीत सेलमधली तफावत पाहा. ॲपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक दिसतो. गाडी उभी असताना तो १०-२० मिलिव्होल्ट असेल तर ठीक. चार्ज २० टक्क्यांवर आल्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि फरक १०० च्या वर गेला, शिवाय दर वेळी तोच सेल खाली बसला, तर एक मॉड्यूल (सेलचा गट) थकलं आहे. सेल एकापुढे एक साखळीत असतात, त्यामुळे सर्वांत कमजोर सेल रिकामा झाला की बाकीच्यांत चार्ज असूनही गाडी थांबते. एलएफपीत हा दोष मधल्या पट्ट्यात लपतो. तो अगदी भरत आल्यावर किंवा अगदी उतरत आल्यावरच उघडा पडतो.

मग फास्ट चार्जरवर न्या. चार्ज २०-३० टक्के आणि बॅटरी चालून कोमट झालेली असावी. दहा मिनिटं लावून ठेवा. वेग लगेच कोसळत असेल, तर थंड करणारी यंत्रणा किंवा कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) यांत बिघाड असू शकतो. घरच्या साध्या प्लगवरही लावून पाहा. ती वीज बॅटरीजोगी करणारा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर बदलणं हा मोठ्या खर्चाचा भाग आहे. चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारा: एखादी पिन काळवंडली असेल, प्लॅस्टिक वितळलं असेल, तर ती पिन सैल बसत होती. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा बॅटरीचा तळ पाहा. खोल पोचा, उखडलेला रंग, सीलमधून डोकावणारा गंज यांपैकी काहीही दिसलं तर ती गाडी सोडा. पुरात बुडालेली गाडी तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ या तिच्या खुणा.

कागद बघताना तीन प्रश्न विचारा. बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे? बहुतेक ठिकाणी ती आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास, अशी असते. ती दुसऱ्या मालकाला मिळते का? आणि बॅटरी खरोखर गाडीसोबत विकली जाते आहे का? रेनो झोई युरोपात अनेक वर्षं भाड्याच्या बॅटरीसह विकली गेली. अशी जुनी गाडी स्वस्त दिसते, पण बॅटरीचं मासिक भाडं नव्या मालकाच्या गळ्यात पडतं.

एक फायद्याची फट अजून आहे. चाडेमो (फास्ट चार्जिंगचा जपानी प्रकार) पोर्टच्या जुन्या गाड्यांना नवे फास्ट चार्जर अनेक देशांत कमी होत चालले आहेत, म्हणून त्यांचे भाव पडतात. रोज घरी चार्ज करणाऱ्याला त्या पोर्टची गरजच पडत नाही. शहरात फिरायला दुसरी गाडी म्हणून ती उत्तम.

घरची जोडणी

महागडा वॉल चार्जर लगेच घेण्याची गरज नसते. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. रात्रीचे दहा तास लावलं की २३ युनिट मीटरवर पडतात, त्यातली २० बॅटरीत पोचतात. १०० ला १५ खाणाऱ्या गाडीचे १३० किलोमीटर झाले. फार मंद चार्जिंग मात्र टाळा. चार्ज होत असताना गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जागी राहते आणि २००-३०० वॅट खाते. ते दीड किलोवॅटमधून गेले तर नुकसान मोठं, साडेतीन किलोवॅटमधून गेले तर किरकोळ.

काटकसर चार्जरमध्ये करा, वायरिंगमध्ये नको. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन काढा, वाटेत दुसरं काही जोडू नका. १६ अँपिअरला किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ३२ ला सहा. अंतर लांब असेल तर एक पायरी जाड. योग्य एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), गळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (टाइप ए, आणि चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर टाइप बी) आणि मोजून घेतलेलं अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्ड कधीही नको. सॉकेटचा स्क्रू जरा सैल राहून ०.१ ओहमचा विरोध तयार झाला, तर १६ अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता निर्माण होते, तीही रात्रभर, प्लॅस्टिकच्या डबीत. छोट्या सोल्डरिंग आयर्नची असते तेवढीच. म्हणून पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चार्जिंग बंद करून प्लग हाताने तपासा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हप्ता आणि भाड्याची बॅटरी

कर्जाची मुदत बॅटरीच्या उरलेल्या वॉरंटीपेक्षा कमी ठेवा. वॉरंटी संपली, पॅक गेला आणि हप्ते अजून चालू, यात माणूस दोन्हीकडून अडकतो. व्याजाचा दर सपाट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकेवर, हे लेखी घ्या. तीन वर्षांसाठी सपाट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकेवर जवळजवळ १८ टक्के.

बॅटरी भाड्याने किंवा अदलाबदलीने घेतली की सुरुवातीची किंमत एकदम उतरते. तैवानमध्ये गोगोरोने २०१५ पासून स्कूटरसाठी हे रुजवलं. रोज खूप चालवणाऱ्याला यात वेळ वाचतो. कमी चालवणाऱ्याने मासिक भाडं महिन्याच्या किलोमीटरने भागून पाहावं. तो आकडा पेट्रोलच्या खर्चाशी भिडत असेल तर ती योजना त्याच्यासाठी नाही.

घेतल्यावर

बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता आणि त्याच वेळी भरलेला चार्ज. एनएमसी रोज ८० टक्क्यांवर थांबवा, १०० टक्के फक्त निघायच्या आधी. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर ५० टक्क्यांवर ठेवा आणि सावलीत लावा. साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, आणि रस्त्यात अडकण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्क गंजतात, कॅलिपर अडकतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा नेटाने ब्रेक दाबा. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

वॉरंटीनंतर पॅक बिघडला तर अख्खा बदलायला निघण्याआधी नेमकं काय गेलं ते विचारा. लीफच्या २४ किलोवॅट-तासाच्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल आहेत. त्यातली एक-दोन बदलून गाडी पुन्हा धावू शकते, पण आणलेलं मॉड्यूल बाकीच्यांच्या क्षमतेच्या जवळचं हवं, नाहीतर तेच नवं कमजोर टोक होतं. सेल थेट पॅकमध्ये चिकटवलेल्या नव्या रचनांत ही दुरुस्ती फार अवघड, काही वेळा अशक्य. गाडी निवडतानाच याची चौकशी केलेली बरी. पॅक स्वतः उघडू नका. ४०० व्होल्ट डीसी चुकीला माफी देत नाही. हे काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या, १,००० व्होल्टचे हातमोजे घालून पॅकची साखळी तोडणारा सर्व्हिस प्लग काढणाऱ्या माणसाचं आहे.

दर सहा महिन्यांनी एसओएच, सेलमधली तफावत आणि किलोमीटर एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. क्षमता एकाएकी घसरू लागली तर वॉरंटीच्या दाव्यासाठी हाच पुरावा लागतो. गाडी विकायला काढल्यावर पुढचा माणूस सगळ्यात आधी हेच आकडे विचारेल.